रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि आर्जिनिनची पूड

भोपाळच्या हमीदिया रुग्णालयातून, साकेतनगरातील 'एम्स'मधून किंवा गॅसपीडितांसाठी उभारलेल्या भोपाळ मेमोरियल रुग्णालयातून हृदयविकाराचा रुग्ण घरी परततो, तेव्हा त्याच्या हाती औषधांची एक चिठ्ठी असते. रक्त गोठू न देणारी गोळी, कोलेस्टेरॉल उतरविणारी गोळी, रक्तदाबाची गोळी आणि छातीत कळ आल्यास जिभेखाली धरावयाची बारीक गोळी, असा त्या चिठ्ठीचा बहुधा मजकूर असतो. पुढे आठ-पंधरा दिवसांत समाचाराला येणाऱ्या आप्तेष्टांकडून या यादीत आणखी एक भर पडते. पिपलानी-बरखेड्याच्या भेल वसाहतीतील मराठी घरे असोत, की न्यू मार्केटच्या आसपासची, हा अनुभव बहुतेकांच्या परिचयाचा आहे. परगावाहून आलेला एखादा भाचा पिशवीतून डबा काढतो आणि म्हणतो, "मामा, याने रक्तवाहिन्या मोकळ्या होतात. औषध नाही हे, नुसते अमिनो आम्ल आहे." डब्यावर हृदयाचे चित्र असते आणि आत पांढरी पूड. तिचे नाव आर्जिनिन.

भाच्याचे म्हणणे निव्वळ थाप असते, तर त्याला उत्तर देणे सोपे होते. पण त्यामागे खरे शास्त्र आहे, आणि तेही नोबेल पारितोषिकाने गौरविलेले. म्हणूनच या पुडीचा विचार थोडा सावकाश करावयास हवा.

रक्तवाहिनी म्हणजे पाण्याचा नळ नव्हे. नळाला रक्ताची गरज ओळखता येत नाही, रक्तवाहिनीला येते. तिच्या आतल्या बाजूस अवघ्या एका पेशीच्या जाडीचे अस्तर असते. पूर्वी शरीरशास्त्राच्या पुस्तकांत या अस्तराला फारसे महत्त्व नव्हते. भिंतीला दिलेल्या गिलाव्याइतकीच त्याची किंमत धरीत. ही समजूत बदलली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत, आणि तीही एका चुकीमुळे. फर्चगॉट सशाच्या महारोहिणीचे तुकडे घेऊन त्यांवर औषधांचा परिणाम पाहत असत. ॲसिटिलकोलिन या द्रव्याने शरीरात रक्तवाहिन्या सैल पडतात, परंतु त्यांच्या तुकड्यांवर मात्र ते उलट परिणाम करी, तुकडे आकसत. १९७८ साली त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाच्या क्रमात घोटाळा झाला आणि त्या दिवशी तुकडा आकसण्याऐवजी सैल पडला. शोध घेता कारण सापडले. आजवर तुकडे तयार करताना त्यांची आतली बाजू नकळत घासली जाई आणि अस्तर निघून जाई. या वेळी ते शाबूत राहिले होते. अस्तर असेल तर वाहिनी सैल पडते, नसेल तर आकसते. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तराकडूनच स्नायूला जात असला पाहिजे. फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी हे निरीक्षण १९८० साली प्रसिद्ध केले.

तो निरोप कोणता, याचा उलगडा १९८७ साली झाला. इंग्लंडमध्ये साल्व्हादोर मोंकादा आणि त्यांचे सहकारी, अमेरिकेत लुई इग्नॅरो, असे निरनिराळ्या वाटांनी चाललेले संशोधक एकाच ठिकाणी पोचले. निरोप्या होता नायट्रिक ऑक्साइड हा वायू. मोटारींच्या धुरात आढळणारा हा अगदी साधा वायू रक्तवाहिनीच्या अस्तरात क्षणोक्षणी तयार होतो, काही सेकंदच टिकतो, आणि तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल होण्याचा हुकूम देऊन नाहीसा होतो. रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या बिंबिकांनाही तो भिंतीला चिकटू देत नाही. जिभेखालच्या गोळीचे कोडेही यानेच सुटले. नायट्रोग्लिसरिन हे हृदयशूळावर १८७९ पासून वापरात होते; सुरुंगाची दारू करणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांनाच उतारवयात ते डॉक्टरांनी सुचविले होते. ते का गुणकारी ठरते, ते मात्र शंभर वर्षे नीट कळले नव्हते. शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइडच तयार होते. फर्चगॉट, इग्नॅरो आणि फेरिद मुराद यांना १९९८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोंकादा त्यातून वगळले गेले, याची हळहळ अनेकांना वाटली.

आता पुडीकडे वळता येईल. अस्तर हा वायू कशापासून करते? १९८८ साली मोंकादांच्याच प्रयोगशाळेने उत्तर दिले: आर्जिनिन या अमिनो आम्लापासून. प्रथिने ज्या विटांनी बांधलेली असतात, त्यांपैकी ही एक वीट. मग तर्क सरळ पुढे धावला. हृदयविकाराच्या रुग्णात अस्तर दुबळे झालेले असते, वायू कमी पडतो. कच्चा माल अधिक पुरवला की पक्का माल अधिक निघेल. व्यापारी मनाला हा तर्क फार पटतो. प्रारंभीच्या प्रयोगांनीही त्याला दुजोरा दिला. दंडावर पट्टा बांधून पाच मिनिटे रक्त अडवावयाचे, मग सोडावयाचे, आणि धमनी किती फुलते ते ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजावयाचे, अशी अस्तराची एक परीक्षा लंडनमध्ये १९९२ साली तयार झाली होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोलेस्टेरॉल वाढलेल्या सत्तावीस तरुण माणसांना रोज एकवीस ग्रॅम आर्जिनिन चार आठवडे दिले. त्यांची धमनी आधी दोन टक्क्यांहूनही कमी फुलत असे, ती पाच टक्क्यांहून अधिक फुलू लागली. डब्यावरचे हृदयाचे चित्र या आकड्यांतून जन्मले आहे. इग्नॅरो हे स्वतः पुढे आर्जिनिनयुक्त पूरक विकणाऱ्या एका कंपनीचे सल्लागार झाले, तेव्हा तर या चित्राला नोबेलची प्रभावळच लाभली.

परंतु कोलेस्टेरॉल वाढलेला तरुण आणि आपली औषधे नियमाने घेणारा साठीचा हृदयरोगी या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. २००० साली अमेरिकेत अशाच तीस हृदयरोग्यांना रोज नऊ ग्रॅम आर्जिनिन महिनाभर देऊन पाहिले. धमनीच्या फुलण्यात काहीच फरक पडला नाही. नायट्रिक ऑक्साइडही वाढले नाही. कच्च्या मालाच्या तर्कात कोठे तरी खोट होती.

ती खोट समजणे कठीण नाही. निरोगी माणसाच्या रक्तात आर्जिनिनचा मुळीच तुटवडा नसतो. वायू तयार करणाऱ्या विकराला म्हणजे एन्झाइमला जेवढे लागते, त्याच्या कितीतरी पट ते रक्तात असतेच. पिठाच्या गिरणीच्या दाराशी गव्हाची पोती रचलेली आहेत, तरी पीठ कमी निघते, तर आणखी पोती आणून काय साधणार? जाते बिघडलेले असेल. हृदयरोग्याच्या अस्तरात हे जाते अनेक प्रकारे बिघडते. आर्जिनिनचाच एक भाऊबंद, डायमिथाइल आर्जिनिन, विकराच्या तोंडाशी अडून बसतो. दुसरे असे की विकराला काम करताना टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचे एक साहाय्यक द्रव्य लागते. ते कमी पडले, तर विकर नायट्रिक ऑक्साइडऐवजी एक घातक, दाहक प्राणवायूरूप सोडू लागतो. अशा बिघडलेल्या जात्यात अधिक धान्य ओतणे हे केवळ निरुपयोगीच नव्हे, तर कदाचित अपायकारकही ठरेल, अशी शंका संशोधकांना वाटते. शिवाय तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा मोठा वाटा आतड्यात आणि यकृतातच मोडला जातो, तो निराळाच.

शंकेला पुरावा लागतो. तो २००६ साली समोर आला, आणि तो या सबंध विषयातला सर्वांत गंभीर भाग आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा पहिला मोठा झटका नुकताच आलेल्या १५३ रुग्णांची निवड केली. नेहमीची औषधे सर्वांना चालूच होती. त्याखेरीज निम्म्यांना दिवसातून तीन वेळा तीन-तीन ग्रॅम आर्जिनिन द्यावयाचे आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड, असे सहा महिने चालावयाचे होते. कोणाला काय मिळते हे रुग्णाला ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही नव्हते. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा कमी होईल, हृदयाची पंपाची शक्ती वाढेल, ही अपेक्षा होती. दोन्हींपैकी काही घडले नाही. मात्र आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, आणि निष्क्रिय पूड घेणाऱ्यांत एकही नाही. देखरेख समितीने नवे रुग्ण घेणे तेथेच थांबविले. झटक्यानंतर आर्जिनिन देऊ नये, असा स्पष्ट निष्कर्ष त्या डॉक्टरांनी काढला.

सहा हा आकडा लहान आहे, आणि एवढ्या थोड्या रुग्णांत योगायोगाला वाव राहतो, असे कोणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. पोलंडमध्ये त्याआधी वर्षभर, २००५ साली, जवळजवळ आठशे रुग्णांच्या एका चाचणीचा निकाल आला होता. तीत महिनाभराच्या आर्जिनिनने निर्णायक लाभही दिसला नव्हता आणि हानीही. पण तराजूच्या एका पारड्यात संशयित हानी असेल आणि दुसऱ्यात सिद्ध झालेला काहीच लाभ नसेल, तर कोणत्या शहाण्या माणसाने ते पारडे उचलावे? पायांच्या धमन्या अरुंद झाल्यामुळे चालताना पोटरीत गोळे येतात अशा १३३ रुग्णांवरही प्रयोग झाला. २००७ सालच्या त्याच्या निकालात आर्जिनिन घेणाऱ्यांची चालण्याची मजल निष्क्रिय पूड घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढली.

निष्क्रिय पुडीशी तुलना करण्याचा हा खटाटोप कशासाठी, हे भोपाळकरांना पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री या शहरावर मिथाइल आयसोसायनेटचा लोट आला. हा वायू प्रथिनांच्या अमिनो टोकांना जाऊन चिकटतो. बाधितांच्या हिमोग्लोबिनवर त्याच्या खुणा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे डॉ. श्रीरामाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदविल्या. सोडियम थायोसल्फेट टोचल्याने विष उतरते की नाही, यावर तेव्हा डॉक्टरांत सरळ तट पडले. डोळ्यांदेखत माणसे तडफडत असताना तुलनेची भाषा निष्ठुर वाटते. तरीही परिषदेने १९८५ च्या आरंभी रुग्णांना व डॉक्टरांना न कळविता औषध आणि निष्क्रिय द्रव यांची तुलना केली, आणि फेब्रुवारीत ते औषध देण्याच्या सूचना काढल्या. वाद त्यानंतरही चालू राहिला. पण ज्या काही आधारावर तो वाद करता आला, तो आधार त्या तुलनेतून आला होता. कोणाच्या तरी अनुभवाच्या गोष्टींतून नव्हे.

अमिनो आम्लांच्या संदर्भात असाच भ्रमनिरास एकदा होऊन गेलेला आहे, आणि त्याचा एक धागा पुण्याशी जुळतो. होमोसिस्टीन हेही एक अमिनो आम्लच. ते आहारातून येत नाही, शरीरात घडते, आणि रक्तात वाढले की धमन्यांना अपाय होतो, असा विचार अमेरिकेतील किल्मर मॅककली यांनी १९६९ साली मांडला. बारावे ब जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीन वाढते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह पुणे शहर व परिसरातील ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश पुरुषांत हे जीवनसत्त्व कमी निघाले, आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन वाढलेले आढळले. शाकाहारी घरांतून हे प्रमाण विशेष होते. तेव्हा जीवनसत्त्वे द्या, होमोसिस्टीन उतरवा, झटके टळतील, हा तर्कही तितकाच सरळ. पण त्याच वर्षी नॉर्वेतील ३,७४९ रुग्णांच्या चाचणीचा निकाल लागला. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरले. झटके कमी झाले नाहीत. ५,५२२ जणांच्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीनेही हृदयाच्या बाबतीत तेच सांगितले. बाराव्या ब जीवनसत्त्वाची उणीव अवश्य भरून काढावी, कारण तिच्यापायी पांडुरोग होतो आणि मज्जातंतू बिघडतात. पण हृदयाचे संरक्षण म्हणून त्याच्याकडे पाहणे चुकीचे. रक्तातला एखादा आकडा सुधारणे आणि रुग्णाचे आयुष्य सुधारणे यांत असे अंतर असते.

मग आर्जिनिन टाकाऊ आहे काय? मुळीच नाही. ते रोजच्या ताटात आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे तीन ग्रॅम आर्जिनिन असते. तिळांत त्याहून थोडे कमी, हरभऱ्यात दोन ग्रॅमच्या आसपास. सोयाबीनही या बाबतीत शेंगदाण्याच्या पंक्तीला बसते, आणि सोयाबीन हे तर माळव्याचे पीक. १९६० च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने ते या प्रदेशात रुजविले. भोपाळच्या नबीबाग भागातील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने सोयाबीनचे दूध, पनीर आणि पीठ घरगुती प्रमाणावर करण्याच्या रीती बसवून त्यांचे शिक्षणही दिले आहे. हॉपकिन्सच्या चाचणीतील नऊ ग्रॅमची मात्रा म्हणजे तीनशे ग्रॅम शेंगदाण्यांतील आर्जिनिन एका दिवसात, आणि तेही प्रथिनांपासून वेगळे काढून, सुट्या स्वरूपात. वाटीभर उसळीतून ते हळूहळू, इतर अमिनो आम्लांच्या सोबतीने रक्तात येते. ताटातले आर्जिनिन आणि डब्यातले आर्जिनिन यांची गल्लत करण्याचे कारण नाही. उसळ खाणाऱ्या हृदयरोग्याने घाबरून जाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार जोडीला असेल, तर मात्र प्रथिने किती घ्यावीत हे विचारून घ्यावे.

गर्भाची वाढ खुंटली असता स्त्रीरोगतज्ज्ञ कधी कधी आर्जिनिनच्या पुड्या लिहून देतात. तो विषय निराळा आहे. घरात सुनेसाठी आणलेली पुडी सासऱ्याला देण्याचा मोह त्यामुळे टाळावा.

ज्याच्या घरी डबा येऊन पडलाच आहे, त्याने प्रथम त्याची बाजू उलटून पाहावी. २०१६ सालच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा पूरकांवर, ते औषधी वापरासाठी नाही, असे छापावे लागते. पुढच्या बाजूला हृदय आणि मागे ही ओळ, असा तो विनोद आहे. झटका येऊन गेलेल्याने ही पूड घेऊ नये. आधीपासून घेत असल्यास पुढच्या तपासणीस जाताना डबाच बरोबर न्यावा; नाव सांगण्यात चूक होते, डबा दाखविण्यात होत नाही. आर्जिनिनने रक्तदाब उतरू शकतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्या व जिभेखालची गोळी यांच्या जोडीला ते घेतल्यास उठताना घेरी येण्याची भीती असते. जुलाब आणि मळमळ हे त्याचे नेहमीचे उपद्रव. दुसरी आणि अधिक मोठी धास्ती अशी की डबा घरात आला की चिठ्ठीतील महागडी गोळी हळूच मागे पडते. कोलेस्टेरॉल उतरविणारी ती गोळी स्वतः अस्तर सुधारते आणि आयुष्यही वाढविते, हे हजारो रुग्णांच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे.

अस्तर खरोखर कशाने सुधारते, याचे एक उत्तर जर्मनीतील लाइप्झिग येथून २००० साली आले. हृदयाच्या धमन्यांचे अस्तर बिघडलेल्या एकोणीस रुग्णांपैकी काहींना चार आठवडे रोज व्यायाम करावयास लावला, इतरांना नाही. ज्या ॲसिटिलकोलिनने फर्चगॉट यांना चकविले होते, तेच या रुग्णांच्या धमन्यांत सोडून पाहिले. व्यायाम करणाऱ्यांत धमनीचे आकसणे निम्म्याहून अधिक घटले होते. वाहते रक्त अस्तराला घासून जाते, आणि तो स्पर्शच अस्तराला वायू तयार करावयास सांगतो. बिघडलेले जाते दुरुस्त होते ते असे. याच अस्तराचे तंबाखूच्या धुराने नुकसान होते, ही गोष्ट अर्थात सर्वांना ठाऊक आहे आणि फार थोडे लोक ती मनावर घेतात.

मोठ्या तलावाच्या काठाने वनविहारच्या रस्त्यावर भल्या सकाळी फिरावयास येणाऱ्यांत असे कितीतरी हृदयरोगी असतात. झटक्यानंतर चालणे केव्हा सुरू करावे, किती करावे, हे डॉक्टरांनी ठरवून द्यावे. लाइप्झिगचे रुग्णही देखरेखीखालीच व्यायाम करीत होते. चालताना छातीत कळ आली, तर तेथेच बसावे आणि गोळी जिभेखाली धरावी. पाच मिनिटांत कळ शमली नाही, तर घरी परतण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.